विझलेल्या भट्टीची साक्ष

(शिक्षक, पंचायत सदस्य आणि अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



वऱ्हाडची काळी जमीन जितकी सुपीक तितकीच हट्टी आहे. पावसाळ्यात ती पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी कठीण होते. नुसत्या लाकडी अवजाराला ती दाद देत नाही. वखराला पास लागते, नांगराला फाळ लागतो, निंदणाला विळा आणि बांधावरची झुडपे काढावयास कुऱ्हाड लागते. त्यामुळे अमरावती-अकोल्याच्या शेतीचा इतिहास सांगावयाचा तर तो लोखंडाला वगळून सांगता येत नाही.

हे लोखंड येत असे कोठून? या प्रश्नाचे उत्तर आज कोणीही भिलाई किंवा जमशेदपूर असे देईल, आणि ते आजच्यापुरते बरोबरही आहे. परंतु हे दोन्ही कारखाने विसाव्या शतकातले. त्यापूर्वी अडीच हजार वर्षांहून अधिक काळ विदर्भाच्या भूमीत लोखंड वापरले जात होते, आणि ते येथील दगडातून, येथील जंगलाच्या कोळशावर, मातीच्या लहानशा भट्टीत काढले जात होते. त्या भट्ट्या आता विझल्या आहेत. त्या पेटविणारे हात गेले, त्यांची विद्या गेली, आणि दगडापासून आपल्याच भागात लोखंड होत असे ही आठवणसुद्धा बहुतेक गावांतून पुसली गेली. मागे उरली आहे ती काळसर, जड, सच्छिद्र मळी. ती कोठे पांढरीच्या टेकाडात, कोठे नदीच्या दरडीत, तर कोठे शेताच्या बांधावर पडलेली आढळते. या मळीचे मोल आपण ओळखावे, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

नाईकुंडची भट्टी

नागपूरच्या उत्तरेस, रामटेक-पारशिवनीच्या परिसरात, पेंच नदीच्या काठी नाईकुंड नावाचे गाव आहे. या गावाच्या आसमंतात मोठमोठ्या दगडांची वर्तुळे मांडलेली दिसतात. अशी शिळावर्तुळे नागपूर जिल्ह्यात जुनापाणी, महुरझरी, टाकळघाट-खापा अशा अनेक ठिकाणी आहेत. ती पूर्वजांची दफनस्थाने होत. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने जुनापाणीची काही वर्तुळे उकरून त्यांची माहिती १८७९ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हापासून अभ्यासकांचे लक्ष या भागाकडे लागलेले आहे.

या वर्तुळांत मृतासोबत ठेवलेल्या वस्तूंत लोखंडाची रेलचेल असते. कुऱ्हाडी, छिन्न्या, कट्यारी, भाल्याची पाती, घोड्याचे लगाम अशा नाना वस्तू त्यांत मिळाल्या आहेत. विदर्भातील कुऱ्हाडीची एक खूण तर विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. दांड्यावर पाते घट्ट बसावे म्हणून त्यावर लोखंडी पट्ट्यांची फुली आवळलेली असे. ही युक्ती ज्याला सुचली तो कारागीर नवशिका नव्हता. मात्र दफनात लोखंड सापडले म्हणजे ते त्याच गावी झाले, असे निश्चयाने म्हणता येत नाही. ते व्यापाराने दुरून आलेले असू शकते. या शंकेचे निरसन नाईकुंडने केले.

पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि महाराष्ट्र शासनाचा पुरातत्त्व विभाग यांच्या वतीने नाईकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात उत्खनन झाले. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर या विद्वानांनी लिहिलेला त्याचा अहवाल शासनाने १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. येथे केवळ दफने खणून काम थांबले नाही. ज्या लोकांनी ती वर्तुळे रचली त्यांच्या वस्तीचाही शोध घेण्यात आला, आणि त्या वस्तीत लोखंड गाळण्याची एक भट्टी हाती लागली. वस्तीचा हा काळ साधारणपणे ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या आगेमागे धरला जातो. गौतम बुद्धाच्याही आधीचा हा काळ आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या शोधाचे महत्त्व कळते.

भट्टी म्हटले की डोळ्यांसमोर उंच धुराडे येते. नाईकुंडची भट्टी तशी नव्हती. ती गोल होती, तिचा व्यास सुमारे ३० सेंटिमीटर होता, आणि उरलेला भाग हातभरही उंच नव्हता. घरातल्या धान्याच्या टोपलीशीच तिची तुलना करावी लागेल. परंतु तिची बांधणी विचारपूर्वक केलेली होती. भिंतीसाठी मुद्दाम बाक दिलेल्या मातीच्या विटा घडविल्या होत्या, म्हणजे गोलाई बरोबर साधावी. भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या तेथे मिळाल्या, आणि आजूबाजूला मळी मिळाली. लोहयुक्त दगडही त्या परिसरातच उपलब्ध होता. डेक्कन कॉलेजमधील शास्त्रज्ञ डॉ. गोगटे यांनी या अवशेषांचे रासायनिक परीक्षण केले. दगड, भट्टी, नळी आणि मळी ही चारही अंगे एकाच ठिकाणी मिळाल्यामुळे विदर्भात लोखंड होत होते, याविषयी शंकेला जागा उरली नाही.

दगडातून लोखंड

एवढ्याशा भट्टीत लोखंड होत असे ते कसे? त्याची रीत समजून घेतल्याशिवाय मळीचा अर्थ उलगडत नाही.

प्रथम कोळसा करावा लागे. धावडा, खैर यांसारखी कठीण लाकडे रचून, त्यांवर पाला व माती लिंपून, आत हवा जवळजवळ जाऊ न देता ती धुमसत ठेवीत. या रीतीने लाकडाच्या वजनाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकाच कोळसा हाती येतो. दगड फोडून त्याचे बारीक खडे करीत. मग तापलेल्या भट्टीत कोळशाचा एक थर आणि खड्यांचा एक थर असे आळीपाळीने घालीत आणि भाता अखंड चालवीत. भाता थांबला की केलेले श्रम वाया जात, म्हणून माणसे पाळीपाळीने बसत असली पाहिजेत.

शुद्ध लोखंड वितळण्यास १५३८ अंश सेल्सिअस उष्णता लागते. मातीच्या भट्टीत हाताच्या भात्याने साधणारी उष्णता साधारण १२०० अंशांच्या आसपास असते. म्हणजे या भट्टीत लोखंड वितळत नसे. कोळशातून निघणारा वायू दगडातील प्राणवायू ओढून घेई आणि लोखंड घन स्थितीतच मोकळे होई. दगडातील वाळूचा अंश मात्र काही लोहांशाला धरून वितळे आणि तळाशी वाहून येई. हीच मळी. भट्टी विझवून, प्रसंगी तिची भिंत फोडून, आतला सच्छिद्र गोळा बाहेर काढीत. तो लालभडक असतानाच ऐरणीवर घणाने ठोकून त्यातील उरलीसुरली मळी पिळून काढीत, आणि पुन:पुन्हा तापवून व ठोकून त्याची कांब करीत. त्या कांबीचीच पुढे पास होई, फाळ होई, कुऱ्हाड होई.

या पद्धतीत दगडातील बराचसा लोहांश मळीबरोबर वाया जाई. हा तिचा दोष खरा. पण त्यामुळेच मळी जड असते, टिकाऊ असते, आणि अभ्यासकाला भट्टीची उष्णता, दगडाची जात व कारागिराचे कसब या तिन्ही गोष्टी ती सांगू शकते. लोखंडाचे अवजार झिजते, गंजते, मोडून पुन्हा भट्टीत जाते. मळीला कोणी हात लावीत नाही. तिचा एकच अपवाद आढळतो, तो वैद्यांचा. आयुर्वेदात जुन्या लोहकिट्टाला मंडूर म्हणतात आणि पांडुरोगावर त्याचे भस्म देतात. शंभर वर्षे जुने किट्ट उत्तम, ऐंशी वर्षांचे मध्यम आणि साठ वर्षांचे कनिष्ठ, अशी प्रतवारीही शास्त्रकारांनी करून ठेविली आहे. जुन्या भट्ट्यांच्या जागा वैद्यांना ठाऊक असल्या पाहिजेत, असे यावरून अनुमान निघते.

वऱ्हाडातील वस्त्या

नाईकुंड नागपूरकडचे, त्याचा वऱ्हाडाशी संबंध काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर अमरावती जिल्ह्यातच मिळते. वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर म्हणून सर्वांना ठाऊक आहे. तेथे १९६२ ते १९६४ या काळात डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केले, तेव्हा कथापुराणांतील या गावाखाली अतिप्राचीन वस्तीचे थर असल्याचे दिसून आले.

त्याहून अलीकडचा दाखला चांदूर बाजार तालुक्यातील फुपगावचा आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर येथील उत्खनन शाखेने पूर्णेच्या खोऱ्याची पाहणी करून डिसेंबर २०१८ ते मार्च २०१९ या काळात येथे उत्खनन केले. गोल घरांचे अवशेष, खांबांचे खळगे, चुली, अकीक व इतर रंगीत दगडांचे मणी, खापरे आणि लोखंडाच्या व तांब्याच्या वस्तू अशी सामग्री तेथे मिळाली. या वस्तीचा काळ ख्रिस्तपूर्व सातवे ते चौथे शतक असा ठरविण्यात आला. म्हणजे नाईकुंडला भाता चालत होता त्या युगात पूर्णेच्या खोऱ्यातही लोखंड वापरणारी खेडी नांदत होती. ज्या काळ्या जमिनीत आज कापूस, तूर आणि सोयाबीन पिकते, तिच्या कडेला एवढ्या प्राचीन काळी माणूस स्थिरावला, त्याला लोखंडाचा मोठा आधार होता.

फुपगावची एक बाब मात्र मनाला लागणारी आहे. नदीच्या वळणावर वसलेल्या या स्थळाचा सुमारे तिसरा हिस्सा पाण्याने पूर्वीच कापून नेला होता. नदीने नेले त्याला इलाज नव्हता. माणसाच्या हातून जे जाते त्याला मात्र इलाज आहे.

भट्ट्या का विझल्या

एकोणिसाव्या शतकापर्यंत मध्य भारतात ठिकठिकाणी कोळशावरच्या भट्ट्या चालू होत्या. जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा, पिपळगाव, देवळगाव, रत्नापूर ही गावे लोहयुक्त दगडासाठी प्रसिद्ध होती. पुढे दोन-तीन पिढ्यांतच हा धंदा बसला. त्याची कारणे आपल्या वऱ्हाडच्या इतिहासाशी निगडित आहेत.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला व बडनेऱ्यावरून जाऊन १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. अमेरिकेतील यादवीमुळे (१८६१ ते १८६५) वऱ्हाडच्या कापसाला आलेला भाव सर्वांनी वाचलेला आहे. कापूस घेऊन गेलेल्या गाड्या परततांना विलायती लोखंड घेऊन येऊ लागल्या. यंत्राने काढलेली सरळ, एकसारखी, स्वस्त कांब बाजारात मिळू लागल्यावर दिवसभर भाता ओढून काढलेल्या गोळ्याला कोण विचारणार? दुसरीकडे १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी जंगले राखीव झाली आणि कोळशासाठी लाकूड मिळणे दुरापास्त झाले. स्वस्त माल एका बाजूने आणि महाग कोळसा दुसऱ्या बाजूने, अशा कात्रीत गावची भट्टी सापडली. लोहार, ज्याला आपल्याकडे खातीही म्हणतात, तो दगडातून लोखंड काढणारा राहिला नाही, तर विकतच्या लोखंडाला आकार देणारा झाला. आज तो मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्यातून विळा आणि कुऱ्हाड घडवितो. त्याचे ठोकण्याचे कसब जुनेच आहे. गाळण्याची विद्या मात्र लोपली.

हाताच्या भट्टीची ही गत झाली, आणि नव्या पद्धतीच्या भट्टीलाही यश आले नाही. सातपुड्याच्या पलीकडे, निमाडात, बडवाह येथे इंग्रज सरकारने लाकडी कोळशावर चालणारी मोठी भट्टी उभारण्याचे ठरविले. अकोला-खंडवा मीटरगेज गाडीने ओंकारेश्वरला जाणारे वऱ्हाडी यात्रेकरू ज्या ओंकारेश्वर रोड स्थानकावर उतरत, तेथून नर्मदा ओलांडली की बडवाह येते. निमाडचे राजकीय अधिकारी कीटिंग यांचा या योजनेवर मोठा भर होता. लाकडी कोळशावर उत्तम लोखंड काढण्यात स्वीडन देशाची ख्याती होती, म्हणून निल्स मितांडर हा स्वीडिश तज्ज्ञ तेथे नेमण्यात आला. इमारती झाल्या, यंत्रे आली, भट्टी उभी राहिली. परंतु सरकारने पुढील खर्चास नकार दिला आणि १८६४ मध्ये सारे काम थांबले. नियमित उत्पादनाचा दिवस त्या कारखान्याने पाहिलाच नाही. पुढे १८६७ च्या अदलाबदलीत तो मुलूख इंदूरच्या होळकरांकडे गेला.

चंद्रपूरकडचा प्रयत्नही असाच अर्धवट राहिला. लोहाऱ्याचा दगड आणि वरोऱ्याचा दगडी कोळसा यांची सांगड घालता येईल काय, याची परीक्षा रिटर फॉन श्वार्ट्झ या तज्ज्ञाने केली. त्याचा १८८२ चा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि पोलादाच्या कारखान्याची कल्पना त्यांच्या मनात रुजली. पुढे १९०४ मध्ये टाटांच्या वतीने चंद्रपूर भागाची पाहणी झाली, पण वरोऱ्याचा कोळसा या कामास उपयोगी नाही असे दिसून आले. ही योजना सोडल्याचे कळविण्यास नागपूरला आलेल्या दोराबजी टाटांनी तेथील संग्रहालयात एक रंगीत भूस्तरीय नकाशा पाहिला. त्यावर दुर्गकडील लोहखनिजाची खूण होती. त्या खुणेने शोध पूर्वेकडे वळला. १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९११ च्या अखेरीस साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पहिले लोखंड निघाले. वरोऱ्याची खाण १९०६ सालीच बंद पडली होती. दुर्गच्या ज्या डोंगराची खूण नकाशावर होती, त्याच भागातील खनिज पुढे भिलाईच्या कामी आले. एका संग्रहालयातील नकाशाने देशाच्या उद्योगाला दिशा दाखविली, ही गोष्ट संग्रहालये व जुन्या नोंदी निरुपयोगी समजणाऱ्यांनी अवश्य ध्यानी धरावी.

मळी ओळखावी कशी

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आपल्या वऱ्हाडात गावोगावी गढी आहे, पांढरीचे टेकाड आहे. धाब्याच्या घरावर घालण्यास, भिंती लिंपण्यास या टेकाडांची माती पिढ्यान्‌पिढ्या नेली गेली. अलीकडे यंत्राने ती एका दिवसात सपाट होते. रस्त्याचा भराव, शाळेचे पटांगण, घरकुलाची जागा, ही सारी कामे लोकोपयोगी आहेत आणि ती अडावीत असे कोणी म्हणणार नाही. परंतु खोदण्यापूर्वी अर्धा तास पाहणी केली तर बिघडत नाही. ज्या टेकाडाच्या पोटात दोन हजार वर्षांचे थर असतील, ते एकदा ट्रॉलीत भरले गेले की कोणत्याही विद्वानाला पुन्हा लावून दाखविता येत नाहीत.

मळी ओळखणे कठीण नाही. तिचा रंग काळा, करडा किंवा गंजासारखा तांबूस असतो. आकाराच्या मानाने ती हाताला जड लागते. तिच्या अंगावर बुडबुड्यांची छिद्रे असतात, आणि पुष्कळदा गूळ ओतावा तशा वाहिल्याच्या वळ्या दिसतात. कधी तिला लोहचुंबक किंचित ओढते. आपल्याकडचा काळा दगडही कोठे कोठे सच्छिद्र असतो, म्हणून घोटाळा होऊ शकतो. परंतु दगडावर वाहिल्याच्या वळ्या नसतात. वीटभट्टीत जळून एकजीव झालेल्या विटा हलक्या आणि काचेसारख्या चकाकणाऱ्या असतात. गावच्या लोहाराच्या भात्याजवळही थोडी मळी साचते, पण ती अल्प असते. मळीचा ढीग असेल, सोबत भाजलेल्या मातीच्या नळीचे तुकडे असतील, बाक असलेल्या विटा असतील, तर तेथे भट्टी असण्याचा संभव मोठा.

गावाचे नावही काही सुचविते. लोहारा, लोहारी अशी गावे विदर्भात अनेक आहेत. नाव म्हणजे पुरावा नव्हे, कारण लोहारांची वस्ती एवढाही त्याचा अर्थ असू शकेल; पण शोध कोठून सुरू करावा, हे त्यावरून ठरविता येते.

आपले कर्तव्य

अशी जागा आढळल्यास काय करावे? पहिली गोष्ट, ती खणू नये. कुतूहलाने केलेले खोदकाम हे चोरीइतकेच घातक ठरते, कारण वस्तू कोणत्या थरात होती हे कळले नाही तर तिचा काळ सांगता येत नाही. दुसरी गोष्ट, गट क्रमांक, दिशा, जवळची खूण आणि दिनांक यांची नोंद करून छायाचित्र घ्यावे. तिसरी गोष्ट, ही माहिती तहसीलदारांमार्फत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयास किंवा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयास लेखी कळवावी. प्राचीन स्थळांच्या रक्षणासाठी केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आहे. जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविण्याचे बंधन तर १८७८ पासून आहे. परंतु कायद्याचा हात संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या स्थळापर्यंत लवकर पोहोचतो. जाहीर न झालेल्या शेकडो टेकाडांचे रक्षण गावालाच करावे लागेल.

शिक्षकांचा वाटा यात सर्वांत मोठा आहे. पाठ्यपुस्तकातील लोहयुग हा धडा मुले पाठ करतात. तेच लोहयुग गावच्या नदीकाठच्या दरडीत दाखविता आले तर ते कायमचे मनावर ठसेल. गावातील वृद्ध लोहाराला वर्गात बोलावून भाता, ऐरण, घण, सांडशी यांची माहिती मुलांनी लिहून घेतली तर तीही एक मोलाची नोंद होईल. कारण गाळण्याची विद्या गेली तशी घडविण्याची विद्याही आता ओसरू लागली आहे. लोहारांच्या कित्येक घरांतील तरुण वेल्डिंगच्या दुकानात काम करतात, आणि भाता अडगळीत पडला आहे. पंचायतीने ठरविले तर ग्रामसभेच्या ठरावाने गढीची उरलेली जागा राखता येते, आणि तिला बांधकामातून वगळता येते. त्यास फारसा खर्च नाही, केवळ वेळेवर घेतलेला निर्णय हवा.

नाईकुंडच्या त्या भट्टीवर कोणा राजाचे नाव नव्हते. तिच्यात कोणाची मूर्ती नव्हती, सोने नव्हते, शिलालेख नव्हता. हातभरही उंच नसलेल्या मातीच्या भिंती आणि मळीचे तुकडे, एवढ्यावरून विदर्भातील कष्टकऱ्यांच्या एका मोठ्या विद्येचा पत्ता लागला. पूर्णेच्या आणि वर्धेच्या खोऱ्यात अशा आणखी भट्ट्या असतील तर त्या जमिनीखाली आजही वाट पाहत असतील. पुढच्या वेळी गावात माती उचलण्याचे यंत्र येईल तेव्हा सरपंच, ग्रामसेवक किंवा गुरुजी यांपैकी एकाने तरी टेकाडाला फेरी मारून पायाखालचा काळा खडा हाती घेऊन पाहावा. तो जड लागला तर यंत्र दोन दिवस थांबवावे.